इस्माईलचाचांचा फ्रेंच पिच्चर

रविवारी दुपारी इस्माईलचाचांनी भिंतीपलीकडून "गुरुजी, पिच्चर!" अशी हाक मारली की मी दचकून उठतो. ती हाक अख्ख्या लासुर्ण्याला ऐकू जाते. मी मुळात भित्रा माणूस. शाळेत पोरांना दरडावलं, ते हातात छडी होती म्हणून.

पिच्चर ठरलेला. बारामतीच्या भाच्यानं पेनड्राइव्हवर दिलेला, सिनेमे नुकते बोलायला लागले तेव्हाचा, काळा-पांढरा, फ्रेंच. एका हॉटेलात लग्न असतं. तिथं बँडवाले घुसतात, पोलीस घुसतात, आचाऱ्याच्या हातून बदक सुटतं आणि मग सगळे एकदम ओरडत जिन्यावरून वर-खाली धावतात. कोण कुणावर का चिडलंय, देव जाणे! खाली इंग्रजी अक्षरं उमटायची, ती चाचांनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावली.

"वाचणाऱ्याला कळंल. बाकीच्यांनी काय त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं?"

चाचांची लाऊडस्पीकरची सर्व्हिस होती. लग्न असो, उरूस असो, नाहीतर निवडणूक, पन्नास वर्षं गावाचा आवाज त्यांनीच वाढवला. धंदा सोडला, पण कपाटाएवढा एक स्पीकर घरात ठेवलाय. तो टीव्हीला जोडून पूर्ण आवाजात लावतात. बदक ओरडलं की फळीवरच्या कपबश्या थरथरतात, आणि मीही.

अलीकडे मात्र चाचांचं एकच पालुपद. चहा घेणार की सरबत? "बराबर हाय!" समोरच्या तात्यांनी रडवेले होऊन म्हैस गेल्याचं सांगितलं, तरी "बराबर हाय!" तात्या महिनाभर बोलले नाहीत. मीही म्हणायचो, म्हातारा शिष्ट झालाय.

मग एकदा बघतो तर चाचा रस्त्याच्या मधोमध चाललेत, आणि मागून उसाचा ट्रॅक्टर जीव खाऊन हॉर्न मारतोय. मी धावत जाऊन दंडाला धरून त्यांना ओढलं. "बराबर हाय," चाचा हसून म्हणाले, पण घर येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. त्या दिवसापासून मला जी धास्ती बसली, ती बसलीच. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

गेल्या रविवारी चाची, तात्या आणि मी नेहमीच्या जागी बसलो होतो. बदक सुटलं. मी सवयीनं दचकलो आणि माझा पाय वायरीत अडकला. वायर बोर्डातून निघाली, स्पीकर गप्प. पडद्यावर माणसं नुसतीच तोंडं वासत धावायला लागली.

चाचांनी मांडीवर थाप मारली. "काय हा गोंगाट! कान फुटायची येळ आली!"

तात्यांनी तोंड उघडलं. आता हे काहीतरी बोलणार आणि बिचाऱ्या चाचांचं सगळं उघडं पडणार! तेवढ्यात चाचींनी दोन्ही हात आपल्या कानांवर ठेवले.

"व्हय की! लईच गोंधळ!" असं म्हणून त्यांनी आमच्याकडं डोळे वटारले. मी मुकाट कान झाकले. तात्यांनीही झाकले. पिच्चर संपेपर्यंत त्या चिडीचूप खोलीत आम्ही तिघं कान दाबून बसलो होतो.

निघताना चाची पुटपुटल्या, "त्यांना काय सांगू नका, गुरुजी. हाय खातील."

चाचा मला पोचवायला फाटकापर्यंत आले. मागं वळून घराकडं पाहिलं आणि म्हणाले, "वायर निघाली व्हती न्हवं?"

ते माझ्या ओठांकडं टक लावून बघत होते.

"स्पीकरचा लाल दिवा इझला व्हता. पन्नास वर्सं त्या दिव्यावर नजर ठिवलीया. पर दिसला तवर मी बोलून बसलो व्हतो." त्यांनी माझा हात धरला. "मला कळलं त्ये हिला सांगू नका. लई भित्री हाय."

मी मान हलवली. नीट कळावं म्हणून दोनदा हलवली.

"येत जावा, गुरुजी. पारावर तुमी समदी बोलता, हसता. मला भ्या वाटतं तितं. ह्या पिच्चरात बरं हाय. समद्यांनाच कळत न्हाय."

मी त्यांना ओठ दिसतील असं तोंड समोर धरलं आणि सावकाश म्हणालो, "बराबर हाय."