घोटा कोनी धरला?

दूरचित्रवाणीवर कबड्डीचा सामना चालू असताना बाळारामदादांच्या डाव्या बाजूला बसू नये. आमच्या जुईनगरच्या इमारतीत नवीन कुटुंब राहायला आले, की त्याला पाण्याची वेळ आणि कचऱ्याची वेळ यांबरोबर ही तिसरी सूचना दिली जाते. चढाई सुरू होताच दादांचा डावा हात आपोआप पुढे येतो आणि शेजाऱ्याचे मनगट धरतो. चढाई संपेपर्यंत ते मनगट शेजाऱ्याचे राहत नाही. त्यांच्या पत्नी, हिरावहिनी, नेहमी उजवीकडे बसतात. "डावीकडं बसून तीन डझन बांगड्या गेल्या माज्या," असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले.

मी दादांची भाडेकरू. माहेर साताऱ्याकडचे, नोकरी शाळेत मराठी शिकवण्याची, आता निवृत्त. परस्त्रीचा हात धरणे योग्य नाही, हे दादांना ठाऊक असल्याने माझ्यासाठी त्यांनी एक पंचा ठेवला आहे. त्याचे एक टोक माझ्या हातात आणि दुसरे त्यांच्या. पंचा एकदा ओढला तर 'थांबा', दोनदा ओढला तर 'मी आहे, तुम्ही जा'. कुठे जायचे, हे मी कधी विचारले नाही. सोफ्यावरून कोणी फार दूर जाऊ शकत नाही.

ही साखळीची भाषा आहे. बचाव करणारे खेळाडू एकमेकांचे हात धरून उभे राहतात आणि बोलले तर चढाई करणाऱ्याला कळेल, म्हणून हातांनीच बोलतात. दादा तरुणपणी गावाच्या संघात खेळत. तेव्हा आज जिथे इमारती आहेत तिथे भाताची शेते होती आणि सुगी संपली की त्यांतच मैदान आखले जाई.

कबड्डीविषयी दादांची मते ठाम आहेत. चढाई करणाऱ्या एकाही खेळाडूचे नाव त्यांना येत नाही. सगळा देश ज्याच्या नावाने ओरडतो, त्याला ते 'तो केसवाला' म्हणतात. दुसरा 'तो मांडी ठोकनारा'. मात्र कोणत्या संघात कोपऱ्याला कोण उभा आहे, त्याच्या शेजारी कोण, कोणाचा गुडघा दुखावलेला आहे, हे त्यांना मुखोद्गत असते. एखाद्याने पकड केली आणि समालोचकाने त्याचे गुणगान सुरू केले, की दादा त्याचा आवाज बंद करतात आणि विचारतात, "ते ठीक हाय. घोटा कोनी धरला?"

चढाई करणाऱ्याला आधी घोट्याला धरून थांबवणारा बहुधा दुसराच असतो. हा प्रश्न ते केवळ खेळापुरता ठेवत नाहीत. लग्नात जेवण उत्तम झाले आणि यजमानांचे कौतुक सुरू झाले, की दादा आचाऱ्याला शोधत मंडपामागे जातात. शेजारची मुलगी दहावीला शाळेत पहिली आली. पेढा हातात घेऊन दादा तिच्या वडिलांना म्हणाले, "अभिनंदन. पन घोटा कोनी धरला?" वडील गोंधळले. मुलीनेच उत्तर दिले, "आजीने. रोज पाचला उठवायची." दादांनी पेढा अर्धा केला आणि अर्धा आजीला नेऊन दिला.

गावच्या वार्षिक स्पर्धेत उत्कृष्ट चढाईला मोटारसायकल असते, उत्कृष्ट पकडीला शीतकपाट असते. दादा स्वखर्चाने तिसरे बक्षीस देतात: स्टीलची कळशी. ज्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून एकदाही पुकारले गेले नाही, पण ज्याने प्रत्येक पकडीत शेजाऱ्याचा हात सोडला नाही, त्याला ती मिळते. गेल्या वर्षीच्या विजेत्याला कळशी घेऊन मित्रांमध्ये उभे राहणे जड जात होते. "दादा, पोरं हसतात ना," तो म्हणाला. "हसू देत," दादा म्हणाले. "मोटारसायकलीत पानी भरता येत नाय."

त्यांचे खरे युद्ध मात्र वर्तमानपत्रांशी आहे. रोज सकाळी ते क्रीडापानावर फूटपट्टी ठेवून मोजतात: चढाई करणाऱ्यांना किती जागा, बचाव करणाऱ्यांना किती. पद्धत निर्दोष आहे; मी स्वतः तपासली. छायाचित्राच्या कडेला एखादा अर्धवट कापलेला हात दिसला, की त्याभोवती ते शाईने गोल काढतात आणि बाजूला लिहितात, 'हा हात कोनाचा?' मग संपादकांना पत्र जाते. पत्राचा मसुदा तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. एका पत्राची सुरुवात अशी होती: 'माननीय संपादक, काल आपण एका मानसाचा हात तोडलात.' मी शुद्धलेखन सुधारले, वाक्य तसेच ठेवले.

या हिवाळ्यात त्यांनी एक मोठे पत्र आणले. वृत्तपत्रे पकडीचे श्रेय चुकीच्या माणसाला देतात, अशी तक्रार होती. मी वाचले आणि वर्गात जे नेहमी सांगत असे तेच सांगितले. "दादा, विधान चांगले आहे, पण उदाहरण नाही. एक तरी घडलेला प्रसंग द्या. नाव, गाव, काय छापले आणि खरे काय होते."

"उदाहरन पायजेच?"

"त्याशिवाय गुण देता येणार नाहीत."

दादा हसले नाहीत. कागद घडी करून निघून गेले. आठ दिवस सामन्यालाही बोलावणे आले नाही. नवव्या दिवशी ते आले आणि माझ्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले एक पिवळे कात्रण ठेवले. चाळीस वर्षांपूर्वीचे. मथळ्यात दादांचेच नाव होते. अंतिम सामना, शेवटची चढाई, आणि बाळारामची अफाट पकड.

"ही पकड माजी नाय," दादा म्हणाले. "घोटा धर्मानं धरला. कोपऱ्याला तो होता, मी त्याच्या बाजूला. त्यानं धरला, मी वरून पडलो. धूळ एवढी, की पंचाला मीच दिसलो. पेपरवाल्याला पन मीच."

"तुम्ही सांगितले नाही?"

"कोनी इचारलंच नाय, बाई." त्यांनी कात्रणावर बोट ठेवले. "ह्या कातरनावर कंपनीत खेळाडू म्हनून नोकरी लागली. धर्मा मिठागरात ऱ्हायला. मंग कंटेनर यार्डात. ऑर्डर आली त्या दिवसापासून माज्याशी बोलला नाय."

मी पत्र लिहिण्यास मदत केली. यापेक्षा स्वच्छ पत्र दादांनी कधी लिहिले नव्हते. वर्तमानपत्राच्या कार्यालयाचे उत्तर सभ्य आणि दोन ओळींचे होते: इतक्या जुन्या बातमीचे शुद्धिपत्र छापता येत नाही. दादांनी ते उत्तर तीन वेळा वाचले. नंतर त्यांनी वर्तमानपत्रावर फूटपट्टी ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. हिरावहिनी मला जिन्यात म्हणाल्या, "बाई, ते पेपर उघडीत पन नाय."

तेव्हा मी दादांना सांगितले, "शुद्धिपत्र वाचकांसाठी असते. तुमचा वाचक एकच आहे. त्याला नेऊन द्या."

"तो दार लावंल."

"मग दाराखालून सरकवा."

दादांनी मला सोबत येण्याची गळ घातली. धर्मा आता जासईला राहत; तिथपर्यंतचा रस्ता कंटेनरच्या गाड्यांनी भरलेला होता. वाटभर दादा पत्र खिशातून काढून पाहत होते. ते अजून तिथेच आहे की नाही, एवढेच बहुधा.

धर्मा दारातच खुर्चीवर बसले होते. पाय कामाचे राहिले नव्हते. खांदे मात्र अजून रुंद होते. त्यांनी दादांना पाहिले, मग मला, मग आत वळून सुनेला सांगितले, "तीन चाय टाक." आतल्या टीव्हीवर सामना चालू होता.

दादांनी उभ्यानेच पत्र वाचले. वर्गात पहिल्यांदा धडा वाचणारा विद्यार्थी वाचतो तसे, प्रत्येक विरामचिन्हावर थांबून. धर्मांनी शेवटपर्यंत ऐकले.

"भाषा तुजी नाय," ते म्हणाले.

"बाईंनी तपासलंय. पन खरं माजं हाय."

"चाळीस वरसं लागली? जुईनगरवरनं गाडी रोज येते, बाल्या."

दादांना बाल्या म्हणणारा माणूस मी प्रथमच पाहत होते.

"पकडीचा राग तुला येनारच," दादा म्हणाले.

"पकडीचा?" धर्मांनी चहाची बशी खाली ठेवली. "घोटा मीच धरलेला, मना म्हाईत व्हतं. पेपरात छापून काय त्याला सोनं लागनार व्हतं? नोकरी लागली ते पन बरं जालं. पन तू एक दिस सांगाय आला नाय. पुढल्या मोसमाला मी कोपऱ्याला हुभा ऱ्हायलो नि हात बाजूला केला, तर तिथं दुसराच पोर. त्याला कायच कलंना, किती येला दाबला तरी." त्यांनी उजवा हात उघडून पाहिला. "मंग मी खेलनं सोडलं."

मला या विधानात सुधारण्यासारखे काही आढळले नाही.

आत शिट्टी वाजली. समालोचकाचा आवाज चढला. दादा खुर्चीच्या डाव्या बाजूला बसले होते. ते उठले आणि वळसा घालून धर्मांच्या उजव्या हाताला येऊन बसले. साखळीत त्यांची जागा तीच होती. डावा हात त्यांनी पुढे केला. या वेळी तो आपोआप आला नाही. मला वाटते, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो विचारून पुढे केला.

"रेड चालू जाली," धर्मा टीव्हीकडे पाहत म्हणाले. "आता काय बगतोस, धर."

हात एकदा दाबला गेला की दोनदा, हे मला माझ्या जागेवरून दिसणे शक्य नव्हते. तशी नोंद मी करू शकत नाही. दोन्ही म्हातारे एकाच क्षणी पुढे झुकले, एवढे मात्र मी पाहिले.