बेडूक न कापणारे मास्तर

हटवार मास्तर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत, पण बेडूक कापायला हात लावत नसत. दया वगैरे काही नाही. मटणाच्या रश्श्यावर तुटून पडत. प्राचार्य रागावले तेव्हा मास्तर त्यांच्या टेबलावर जिवंत बेडूक ठेवून म्हणाले, "घड्याळ खोलून परत जोडता येते. याले मी कापतो, तुम्ही जोडून द्या."

प्राचार्यांनी कापायला दुसरा मास्तर लावला. हटवार मास्तर पोरांना तळ्यावर नेऊन जिवंत बेडूक बघायला चिखलात बसवायचे.

तुमसरला ते माझे भाडेकरू. मी चौथी शिकलेली, पण मलाही सोडत नसत.

"मावशी, तुकड्यांची बेरीज म्हणजे जीव नव्हे."

"सरका मास्तर, भाजी करपून राहिली."

आणीबाणी उठली त्या साली त्यांच्या बायकोचं, सुमनचं, मूल पोटातच गेलं. त्यानंतर ती उठायची, स्वयंपाक करायची. बोलायची मात्र नाही. मास्तरांनी तिला नागपूरला दाखवलं. परत आले आणि माझ्या ओट्यावर बसले.

"रक्त ठीक, छातीचा फोटो ठीक, डोकं ठीक. सगळं ठीक आहे, मावशी. मग माझी सुमन कुठं गेली?"

मी चहा दिला.

धानाची रोवणी सुरू झाली तेव्हा एका सकाळी तिला घेऊनच आले. "आंधळगावच्या शेतकऱ्याची पोरगी, अन् मी तिले खोलीत कोंडून तपासून राहिलो. तुमच्या धानाच्या बांधीत बायांसंगं रोवू द्या."

"रोवणी वाकडी झाली तर उठवीन," मी म्हणाले. "बिमारी आपल्या जागी, धान आपल्या जागी."

वाकडी झाली नाही. हात सराईत होता. मास्तर रजा टाकून रोज शेताच्या कडेला धुऱ्यावर छत्री धरून उभे. बाया टवाळी करत, "मास्तरीणबाई, नवरा राखण करून राहिला, तुमची का धानाची?" सुमन खाली वाकून रोवत राहायची.

एक दिवस तिला पाणी द्यायला मास्तर बांधीत उतरले, ते थेट नुकत्याच रोवलेल्या ओळीत.

"पाय काढा न जी! रोवलेलं तुडवून राहिले! दिसत नाही का?"

सुमन होती. बायांचे हात थांबले.

मास्तरांनी पाय काढला नाही. चष्मा पुसला आणि दुसरा पायही त्याच ओळीत टाकला. ती आणखी जोरात ओरडली. मग ते ओळभर चालत गेले, ती ओरडत मागे.

माझं धान गेलं. मी तोंड उघडलं नाही.