सर्वांसाठी खुली लग्नपत्रिका

"ह्यात माझी लेक कुठं हाय, तेवढं दाखवा," शेवंताबाई म्हणाल्या आणि पत्रिका माझ्या नाकापुढं धरली.

आल्यापासून त्या हेच विचारत होत्या आणि मी दर वेळी नवं उत्तर देत होते. आधी म्हणाले, चष्मा नीट लावा. मग म्हणाले, प्रेसवाल्याची शाई संपली असेल. आता उत्तरं संपली होती, म्हणून मी आवाज वाढवला. (माझं शिक्षण चौथी, पण आवाज पदवीधर आहे.)

"लेक तुमच्या शेजारी बसलीया की. पत्रिकेत कशाला शोधता?"

"पत्रिका तिच्या लग्नाची हाय म्हणून शोधते."

शेवंताबाई म्हणजे आमच्या रोहनच्या होणाऱ्या सासूबाई. राहू गावच्या. रोहन माझा नातू, आणि त्यांची तेजश्री आमची होणारी नातसून. राहूहून दोन एस.ट्या बदलून मायलेकी न्हावऱ्याला आमच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. लग्नाआधी नवरीनं सासरच्या दारात येऊ नये, असं आमची सून सुरेखा हळूच म्हणाली. त्यावर शेवंताबाई म्हणाल्या, "कोण नवरी? हितं तर कुणी नवरी छापली न्हाई." सुरेखा चहा टाकायला आत गेली ती बराच वेळ आली नाही.

तेजश्री मात्र पत्रिका वाचत होती. एकदा वाचून झाली की पुन्हा वरपासून.

"राहूत लोक तोंडावर इचारत्यात, पोराकडच्यांनी माघार घेतली काय म्हणून," शेवंताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता, आणि मला वरच्या आवाजापेक्षा खालच्याची जास्त भीती वाटते. "बापामागं वाढवलीया हिला मी. आत्याबाई, तुमच्या मनात दुसरं काही आसंल तर सरळ सांगा. आम्ही आल्या पावली जातो."

आता हे असं का झालं, ते सांगते. सगळा दोष संगणकाचा नाही. (घरात मी अजून सगळा संगणकाचाच म्हणते. इथं तुमच्यापुरतं खरं सांगते.)

रोहन सणसवाडीला कंपनीत आहे. कंपनीनं भंगारात काढलेला एक संगणक त्यानं गोधडीत गुंडाळून मोटरसायकलवर बांधून आणला. त्याच्यावर काहीच नीट चालेना. घरच्यांनी त्यावर दुधाची किटली ठेवायला सुरुवात केली. मग शिरूरच्या स्टँडवर एका मासिकाबरोबर मला संगणक चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची सीडी मिळाली, आणि ती मी त्या डब्यात घातली. पुढं जे झालं त्याला गावात 'ताईबाईचं येड' म्हणतात.

इंग्रजी मी दौंडला शिकले. आमचे हे, ज्ञानदेव, रेल्वेत होते. क्वार्टरसमोर रेल्वेच्या पाट्याच पाट्या. त्या वाचत शिकल्यामुळं 'धोका' आणि 'थुंकू नका' हे शब्द मला सगळ्यात आधी आले, आणि संगणकाशी बोलायला तेवढे पुष्कळ होतात.

लिनक्स मला फुकट मिळतं म्हणून आवडलं नाही. (फुकट मिळतं म्हणूनही आवडलं.) त्याच्या पोटात काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं, आणि दुरुस्त केलेलं पुन्हा सगळ्यांचं. ज्ञान कडीकुलपात ठेवलं की काय होतं, हे आमच्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको. मला ते पहिल्याच वाचनात पटलं. जय भीम म्हणून मी कीबोर्डला हात घातला तो अजून काढलेला नाही.

मग मी शिरूरच्या सायबर कॅफेत जाऊन लिनक्समधली वाक्यं मराठीत करायच्या कामातही घुसले. 'फाइल साठवायची का?' याचं मी 'ठेवायचं का टाकायचं, एकदाचं सांगा' असं केलं. लांबच्या कुठल्या तरी तरुणानं फार नम्रपणे कळवलं की भाषांतर अचूक आहे, पण वापरणाऱ्याला भीती वाटते. मी त्यालाही झाडलं. हे सांगायचं कारण, मला झाडायची सवय आहे आणि पुढं तीच नडली.

रोहनचं ठरलं तेव्हा मी जाहीर केलं की दोन्ही घरची मिळून एकच पत्रिका छापायची, आणि ती खुल्या पद्धतीनं तयार करायची. म्हणजे मसुदा ओसरीवरच्या संगणकावर राहील. ज्याला वाटेल त्यानं यावं, वाचावं, सुधारणा करावी. हजार डोळ्यांखालून गेलेल्या कामात चूक राहत नाही, हे लिनक्सवाल्यांचं तत्त्व. आमच्या ह्यांनी विचारलं, "अगं, पण आपल्या भावकीला हे झेपंल का?" मी म्हणाले, तुम्हाला लोकांवर विश्वास नाही.

अविश्वास यांचाच बरोबर होता.

पहिल्या दिवशी आमचे चुलत दीर मल्हारी आले. त्यांनी आपलं नाव निमंत्रकांत घातलं. मग खाली स्वागतोत्सुकांत घातलं. जाताना कार्यवाहकांतही घालून गेले. ते कळल्यावर भावकीतल्याच सावळारामांनी दोन ठिकाणी घातलं आणि मल्हारींचं खाली सरकवलं. मल्हारी दुपारी पुन्हा आले. ओसरीपुढं चपलांचा ढीग लागायला लागला. ज्यांनी आयुष्यात माउस पाहिला नव्हता ते तो धरून आपल्या नावाला भावाच्या नावावर ढकलत होते. गावात एवढी संगणक साक्षरता सरकारनं कधी केली नसेल. मी खुर्ची टाकून अभिमानानं बघत होते. एकदा वीज गेली तर मंडळी उठेनात, आपण उठलो आणि वीज आली तर, या भीतीनं.

शेवटी पत्रिका वर्तमानपत्राएवढी झाली. तेव्हा मी ठरवलं, आता आपली विद्या दाखवायची. कार्डावर मावायला हवं, तर दोनदा आलेलं नाव एकदाच ठेवायचं. त्याची लिनक्समध्ये एक छोटी आज्ञा आहे. एका ओळीत काम. मी ती सगळ्यांसमोर, बोटं मोडून, ऐटीत दिली.

फक्त, त्याच आज्ञेची एक सख्खी बहीण आहे. ती दोनदा आलेलं नाव एकदाही ठेवत नाही. मी बहिणीला हाक मारली.

मल्हारी गेले. सावळाराम गेले. हावरेपणानं दोनदा नाव घातलेले झाडून सगळे गेले. आणि पत्रिकेत ज्यांची नावं हक्कानं दोनदा असतात, एकदा आत आणि एकदा वरच्या पाकिटावर, असे दोघेच असतात, नवरा आणि नवरी. तेही गेले.

मला हे दिसायला पाहिजे होतं. पण यादी एकदम आटोपशीर झालेली बघून माझा ऊर भरून आला होता, आणि भरल्या उरानं कुणी प्रूफ वाचत नाही. मी पेनड्राइव्ह घेऊन शिरूरला प्रेसमध्ये गेले. प्रेसवाले बिचारे भले. पूर्वी धम्मपरिषदेच्या पत्रकात त्यांनी माझं एक वाक्य सुधारलं होतं, तेव्हा मी त्यांना दुकानासमोर उभं करून बोलले होते. त्यामुळं या वेळी त्यांनी फोन करून फार जपून विचारलं की आजी, नावं एकदा नजरेखालून घालता का. मी म्हणाले, यंत्रानं तपासलंय, तुम्ही काना इकडचा तिकडं करायचा नाही.

त्यांनी केला नाही. त्यांची ठरलेली रीत अशी की यादीतली पहिली दोन नावं निळ्या ठळक अक्षरात मधोमध घ्यायची. पहिल्या दोन जागा रिकाम्या झाल्यामुळं यादी वर सरकली होती. आता पहिल्या दोन ओळी निमंत्रकांच्या होत्या. तिथं आमची दोघांची नावं एकेकदाच होती, कारण मी स्वभावानं साधी आहे.

त्यामुळं पत्रिका अशी निघाली: आयु. ज्ञानदेव यांचा मंगल परिणय आयुनि. ताईबाई यांच्याशी, न्हावरे येथील बुद्धविहाराच्या प्रांगणात संपन्न होत आहे, तरी आपण सहकुटुंब यावे. खाली बालगोपाळांची ओळ होती, 'आमच्या आजीच्या लग्नाला यायचं हं.' तिथं मूळ शब्द 'दादाच्या' होता. पण तो दादाच पत्रिकेत नाही म्हटल्यावर प्रेसवाल्याच्या पोराला वाटलं, एवढी एक चूक राहिलीय, आणि त्यानं ती दुरुस्त केली. खुल्या पद्धतीत ही एवढीच सुधारणा कुणीतरी स्वतःचा फायदा न बघता केली.

राहूचा गठ्ठा प्रेसमधूनच थेट राहूला गेला, दौंडचा एस.टी.नं दौंडला. आपल्याकडं पत्रिका वाचून वाटत नाहीत, वाटून झाल्यावर वाचतात, आणि तेही आपलं नाव शोधायला. त्यामुळं आरडाओरडा सुरू झाला तोवर पत्रिका पार पाटसपर्यंत भिंतीवर लागल्या होत्या.

पहिल्यांदा दौंडहून यांच्या रेल्वेतल्या दोस्तांचे फोन आले. एकानं विचारलं, आधीचं लग्न नोंदवलं नव्हतं काय. दुसरा म्हणाला, ज्ञानदेव, या वयात हिंमत केलीस, मला आनंद आहे. रोहन पहिली पाळी करून आला, पत्रिका वाचली आणि म्हणाला, "आजी, मी पण नाही गं यात." मी म्हणाले, तुला तुझं लग्न ठरलंय हे माहीत आहे ना, मग तुला पत्रिका कशाला पाहिजे. मल्हारी दारापर्यंत आले, नाव नसलेली पत्रिका उंबऱ्यावर ठेवली आणि न बोलता गेले. ते न बोलता गेलेले मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

आणि मग राहूहून शेवंताबाई आल्या. तिथंच आपण होतो.

"मी नवीन व्हर्जन काढते," मी म्हणाले. "जुनी रद्द झाली म्हणून सांगू."

"लोकांच्या भिंतीवर लागल्यात त्या. काय घरोघर जाऊन काढताय?"

"हजार डोळ्यांखालनं गेलीय ती, शेवंताबाई. माझ्या एकटीचा दोष न्हाई त्यात."

"डोळं हजार आसतील. पण तिच्यासाठी एक तरी बघत हुता का?"

एवढी माणसं ओसरीवर येऊन बसली, आपापलं नाव राखून गेली, आणि जिचं लग्न तिचं नाव राखायला कुणीच नव्हतं. राहूचं कुणी आलं नव्हतं, कारण मी त्यांना बोलवायलाच विसरले होते. सगळ्यांसाठी खुली म्हणताना सगळ्यांत माझीच गल्ली धरली होती.

वातावरण हलकं व्हावं म्हणून आमचे हे कोपऱ्यातून म्हणाले, "मला तर कुणी इचारलंच न्हाई बाबा. गेल्या टायमाला पण न्हाई, ह्या टायमाला पण न्हाई." कुणी हसलं नाही. तेजश्रीनं तेवढी मान खाली घातली.

शेवंताबाईंनी पिशवी उचलली. "माझं एकच इचारणं हाय, आत्याबाई. लगीन व्हायच्या आदीच हिचं नाव असं गळत आसंल, तर उद्या ह्या घरात हिला कोण इचारणार?"

मला तेव्हा माफी मागायची होती. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण माझ्या हातातही एक पत्रिका होती, आणि नजर पुन्हा त्या निळ्या अक्षरांवर गेली. माझ्या लग्नात पत्रिका नव्हती. माझं नाव शाळेच्या हजेरीनंतर रेशनकार्डावर, तेही 'पत्नी' म्हणून. छापलेलं, ठळक, मधोमध असं ताईबाई मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. खोटं कशाला बोलू, सकाळपासून मी ती पत्रिका तेजश्रीपेक्षा जास्त वेळा वाचली होती. तर त्या गडबडीत माफीच्या जागी तोंडातून निघालं ते असं:

"तसं बघितलं तर अक्षर लई झ्याक आलंय."

झालं. शेवंताबाई उभ्याच राहिल्या. सुरेखा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथंच थिजली. ओसरीच्या टोकाला उभ्या रोहननं माझ्याकडं असं बघितलं, जसं कंपनीनं संगणकाकडं बघून तो भंगारात काढला असणार.

"चल गं तेजश्री," शेवंताबाई म्हणाल्या. "आपलं हितं काम न्हाई."

तेजश्री उठली. मला वाटलं, संपलं. चाललं लग्न. माझ्या एका ओळीच्या विद्येपायी पोराचा संसार मांडायच्या आत मोडला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

पण ती दाराकडं गेली नाही. तिनं सुरेखाच्या ट्रेमधला चहाचा कप उचलला, तो आईच्या हातात दिला, पत्रिकेची नीट घडी घातली, आणि माझ्याकडं न बघता, अगदी शांतपणे म्हणाली, "आई, चहा घे, पत्रिका आजी-आजोबांच्या लग्नाची हाय, तवा आपण पाहुण्यावानी येऊ, आन् हार उरलं तर माझं न् रोहनचं बी तिथंच उरकून घिऊ."