राजाला विहिरीत कुणी ढकललं?

व्हिडिओ खेळाच्या पहिल्या भागात उपसंपादक पुलाच्या पलीकडे कधी गेलाच नव्हता. पुलावरचा राक्षस त्याला उचलून नदीत टाकायचा. दर वेळी बुडण्यापेक्षा ऑफिसात "संपवला की, दोनदा!" असं सांगून टाकणं त्याला सोपं गेलं. त्या थापेचं फळ म्हणून तलवारी, जादूगार आणि ड्रॅगनवाल्या त्या खेळाचा दुसरा भाग बाजारात येण्याआधीच त्याच्या हाती पडला. खेळून कसा वाटला, ते संध्याकाळी सहापर्यंत लिहून द्यायचं होतं. संपादक म्हणाले होते, "जमलं तर व्हिडिओ खेळांचं पान तुमचं. नाहीतर आहेच आपलं राशिभविष्य." राशिभविष्य तो गेली कित्येक वर्षं लिहीत होता, आणि आज स्वतःच्या राशीला त्याने 'सावध राहा' असं लिहिलं होतं.

दुपारी तो हॉलमधल्या सोफ्यावर बसला. सोफ्याच्या उशा जागेवर नव्हत्या, पाठ टेकेना. पण शोधायला वेळ कुठे होता? पडद्यावर अक्षरं उमटली : 'तुमचा जुना खेळ सापडला. तिथूनच पुढे जायचं?'

पुलापासूनच बहुतेक, असं म्हणत त्याने 'हो' दाबलं.

हिरवी शाल पांघरलेली एक दणकट म्हातारी पडद्यावर अवतरली. खाली लिहिलं होतं : 'पहिला भाग पूर्ण. राजाचा अंत केला.' त्याला कळलं काहीच नाही, पण थापेला पुरावा मिळाल्याचा आनंद झाला. आनंदात माणूस आधी फोटो पाठवतो आणि मग विचार करतो. त्याने संपादकांना फोटो पाठवला.

म्हातारी गावात शिरली. पहारेकऱ्यांचे भाले थरथरले, पाववाल्याने दुकान बंद केलं, आणि एक बाई किंचाळली, "हीच ती! हिनेच राजाला विहिरीत ढकललं!"

तेवढ्यात फोन वाजला. "अहो, छुपे रुस्तुम निघालात तुम्ही!" संपादक खूश होते. "फोटो सगळीकडे टाकलाय आपण. हा शेवट म्हणे हजारात एखाद्यालाच जमतो. वाचक विचारतायत, राजापर्यंत पोचलात कसे? ते जरा सविस्तर येऊ द्या."

"येतंय की, सविस्तर," तो म्हणाला. आता नव्याने सुरुवात करायचीही सोय उरली नव्हती.

तो आतल्या खोलीत बायकोकडे धावला. "तू खेळलीस का गं माझा खेळ?"

"मला श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि मी राजे ढकलू? आई खेळायची. तू ऑफिसला गेलास की."

"आई? मग मला कधी दिसल्या नाहीत त्या?"

"तुझ्यासमोर कशाला खेळेल? टीव्हीचा रिमोट देतानाही तू तिला 'जपून हं' म्हणतोस!"

सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी म्हणून आल्या होत्या. गुडघा केव्हाच बरा झाला होता. आजचं परतीचं तिकीट जावयाने स्वतः, विलक्षण तत्परतेने काढलं होतं, आणि पाच वाजता टॅक्सीही बोलावली होती. सासूबाई चपला घालून, मांडीवर टम्म फुगलेली बॅग घेऊन दाराशी बसल्या होत्या.

"आई, दोनच मिनिटं. तो राजा..."

"परत जिवंत झाला की काय मेला?"

"नाही, नाही. तुम्ही त्याला ढकललंत का?"

"ढकलू नको तर काय ओवाळू? बायकोला तळघरात कोंडून वर मिशीला पीळ देत फिरत होता. सरका. आणि बटण असं कुस्करायचं नसतं, जावईबापू."

बॅग मांडीवरच ठेवून त्या खेळू लागल्या. बघता बघता पाववाल्याने दुकान उघडलं, पहारेकरी पत्ते सांगू लागले. जावई शेजारी बसून भराभर लिहीत होता.

"पण आई, किल्ल्याचं फाटक तर फुटतच नाही म्हणे."

"फाटकावर धडका मारतात ती अडाणी. आपण निघून जायचं."

"निघून?"

"तसं दाखवायचं हो. तंबू उपटायचे, गाढवांवर गोण्या लादायच्या. आत पेंढा भरला तरी चालतो, गोण्या टम्म दिसल्या म्हणजे झालं. ड्रॅगन मारायला राजाला माणूस हवंच असतं. तो स्वतःच फाटक उघडून धावत येतो, 'थांबा, थांबा' करत."

"आणि मग?"

"मग विहीर."

इतक्यात डोंगरामागून ड्रॅगन उठला, आणि खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. सासूबाईंनी रिमोट खाली ठेवला. "चला, येते मी. जिना सावकाश उतरायला हवा."

ड्रॅगनने छाती भरून श्वास घेतला. लेख अर्धाच झाला होता. फोनवर संपादकांचं नाव चमकत होतं.

"थांबा, आई, थांबा!" असं ओरडत जावई अनवाणीच जिना उतरला आणि टॅक्सी परत पाठवून धापा टाकत वर आला.

बायको दारात उभी होती. "टॅक्सी परत पाठवलीस? तू?"

"गुडघा अजून पुरता बरा कुठाय त्यांचा?" तो म्हणाला.

लेख सहाच्या ठोक्याला गेला. थोड्याच वेळात संपादकांचा फोन आला. "काय लिहिलंय! ती गाढवांची युक्ती तर लाजवाब. पान तुमचं. आता खेळ संपेपर्यंत दर आठवड्याला येऊ द्या."

"आई, हा भाग केवढा असेल हो?" त्याने भीतभीत विचारलं.

"पहिल्याच्या तिप्पट तरी," पडद्यावरची नजर न हलवता सासूबाई म्हणाल्या. "तेवढी माझी बॅग आत ठेवता?"

दोन्ही हातांनी जोर लावून त्याने बॅग उचलली आणि मागच्या मागे पडता पडता वाचला. बॅग कापसासारखी हलकी होती. त्याने चेन उघडली. आत सोफ्याच्या दोन उशा होत्या.

"द्या इकडे त्या," सासूबाई म्हणाल्या. "पाठ केव्हाची दुखतेय."

इमारतीला स्वतःची विहीर नाही, अशी तक्रार तो सोसायटीच्या सभेत दर वर्षी न चुकता करत असे. या वर्षी त्याने ती केली नाही.