डॅडच्या धनुष्याला मी दिलेला वेग

धनुष्याच्या वेगाबद्दल आमच्या अख्ख्या गावात माझ्याइतकं कुणाला कळत नाही! माझा बाण सेकंदाला तीनशे बारा फूट जातो. धनुष्यांच्या दुकानातल्या वेग मोजायच्या यंत्रावर मोजलाय, चार साक्षीदारांसमोर. त्यामुळे माझे सासरे क्लॅरेन्स लेम्के खांद्याचं ऑपरेशन करून घरी आले आणि "यंदापासून शिकार बंद" म्हणून तोंड पाडून बसले, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "डॅड, मी आहे ना!"

पूर्वी ते साठ पौंडांचं धनुष्य ओढायचे. आता डॉक्टरांनी चाळिसाच्या वर जायचं नाही म्हणून बजावलं होतं.

"चाळिसात बाण जात नाही रे डेल, फिरायला निघतो," ते म्हणाले.

पन्नास वर्षं दर ऑक्टोबरात मचाणावर बसलेला माणूस तो! मला अगदी भरून आलं.

मी धनुष्य घेऊन तळघरात शिरलो. वेग वाढवायचे उपाय मला तोंडपाठ. बाण हलका तर वेग जास्त, म्हणून त्यांचे जाडजूड बाण बाजूला टाकले आणि काड्यांसारखे नवे आणले. दोरीवर आवाज दाबायला रबराचे झुपके होते. दोरीला उगाच ओझं! कापून टाकले. दोरी जितकी मागे येईल तितका रेटा जास्त, म्हणून धनुष्याच्या दोन्ही टोकांना दोरी ओढणारी चाकं असतात ती बदलून दोरी इंचभर आणखी मागे आणली. चाळीस पौंडांवर आधी वेग होता दोनशे पाच. आता झाला दोनशे एक्कावन्न!

पहिल्याच बाणाला घोळ झाला. मागे आलेली दोरी आता डॅडच्या कानाशी पोचत होती. सुटताना तिनं कानातलं ऐकायचं यंत्र उचललं आणि थेट शेजारच्या मक्यात! तासभर आम्ही दोघं मक्यात रांगत होतो. माझी बायको जोलीन कुंपणाशी येऊन म्हणाली, "काय हरवलंय? अक्कल?"

यंत्र सापडलं. पण तेव्हापासून डॅड बाण मारताना ते खिशात ठेवू लागले, आणि तिथेच घात झाला. त्याचं काय आहे, हलक्या बाणाला धनुष्याचा सगळा जोर घेता येत नाही. उरलेला जोर आवाज होऊन बाहेर पडतो. डॅडनी दोरी सोडली की जिन्यावरून कपाट पडल्यासारखं धाडकन व्हायचं! आमचं कुत्रं पलंगाखाली जाऊन बसलं ते जेवायलाही येईना.

आणि डॅड खूश! "काय पळतोय रे बाण! आणि आवाज म्हणशील तर नावाला नाही!"

त्यांचा चेहरा इतका फुलला होता की खरं सांगायला माझी जीभच उचलेना.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी मी त्यांच्या शेजारी मचाणावर. हरीण अठरा पावलांवर आलं. धाड! आवाज बाणाच्या चौपट वेगानं जातो हो! हरीण आवाजासरशी खाली दबलं आणि बाण त्याच्या पाठीवरून गेला. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारीही तेच.

डॅड खाली उतरले आणि झाडाला टेकून उभे राहिले. "धनुष्य तू झकास केलंस, डेल. माझाच नेम गेला. विकून टाकू या."

पुढच्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. दारातल्या फळ्यावर डॅडच्या थरथरत्या अक्षरात चिठ्ठी: 'धनुष्य विकणे आहे.' मी माशाची ताटली तशीच बाजूला सारली.

"डॅड, तुमचा नेम चुकत नाहीये!"

"काय?" यंत्र खिशातच होतं. आता ऐकून तरी काय करायचंय, असं त्यांचं चाललं होतं.

"धनुष्य फार वाजतं!"

"काय गाजतं?"

मी उभाच राहिलो आणि ओरडलो, "तुमच्या धनुष्याची वाट मी लावली! मी! चूक माझी आहे!"

दोनशे माणसांनी काटे हातात धरून माना वळवल्या. पाद्री म्हणाले, "इतकी स्वच्छ कबुली मी वीस वर्षांत ऐकली नाही."

डॅडनी शांतपणे यंत्र कानात घातलं. "हं. आता हळू सांग."

मी सगळं सांगितलं. बाण, झुपके, चाकं, कुत्रं.

"म्हणजे माझा नेम शाबूत आहे?"

"एकदम शाबूत."

त्यांनी आपल्या ताटलीतला मासा संपवला. मग माझ्या ताटलीतलाही संपवला. जाताना फळ्यावरची चिठ्ठी काढून खिशात घातली.

मी सगळं होतं तसं करून दिलं. जाड बाण, नवे झुपके, जुनी चाकं. वेग दोनशे पाच! रविवारी सकाळी हरीण पंधरा पावलांवर आलं. नुसतं फुस्स झालं. हरणानं मान वर केली, चार पावलं टाकली आणि ते आडवं झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे डॅड माझा हात धरून रडले. मीही रडलो, पण थंडी फार होती.

संध्याकाळी जोलीननं कांद्यावर मांस परतलं. डॅडनी विचारलं, "डेल, तुझ्या बाणाचा वेग किती म्हणालास?"

"तीनशे बारा!"

"आणि आजवर हरणं किती मारलीस?"

मी घाईघाईनं बटाटे वाढायला घेतले.

"नऊ वर्षांत एकही नाही," जोलीन म्हणाली. तिला कुणी विचारलं होतं!

डॅडनी ओठ पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "उद्या तुझं धनुष्य घेऊन ये, पोरा. मी जरा हळू करून देतो."