ही चिप कोनी शे?

दुरुस्तीला आलेला कॉम्प्युटर देवीदासनाना आधी उघडायचे आणि मग विचारायचे, याला झालंय काय. कधी कधी न बिघडलेलाही उघडायचे. आतल्या काळ्या चिपवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून समोर जो असेल त्याला त्यांचा प्रश्न ठरलेला: "ही चिप कोनी शे?"

चिप कोणाची, हे जळगावात कोणाला ठाऊक असणार? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी तिथे एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. क्लास म्हणजे टीव्हीला जोडलेले तीन घरगुती कॉम्प्युटर. नाना खरे रेडिओ-टीव्हीवाले, पण आमची यंत्रंही तेच सांभाळत. रद्दीतली परदेशी मासिकं डिक्शनरी घेऊन वाचत आणि वाचलेलं खोलीत येरझारा घालत सगळ्यांना ऐकवत. एका मोठ्या कंपनीतले काही इंजिनिअर बाहेर पडले, त्यांनी स्वस्तातली चिप काढली, तर जुन्या कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं. दुसऱ्या एकाने चिप घडवली, पण तो नोकरी सोडून गेल्यावर कंपनी त्याचं नावच घेईना. नाना हे असं सांगत, जणू भावकीतला बांधाचा वाद तालुक्याला चालू आहे.

मुलीला क्लास लावावा का, हे विचारायला आलेल्या एका बाईंना त्यांनी अर्धा तास हा खटला ऐकवला. त्या शेवटी म्हणाल्या, मग तडजोड करून टाका ना, भाऊ. नानांना ते लागलं. "अक्का, तडजोड कागदावर होते. ज्यानं रात्ररात्र बसून डोळे फोडले, त्याचं काय?"

माझी खात्री झाली होती, यांचंही कोणीतरी काहीतरी लुबाडलेलं असणार.

मग एकदा सावद्याचे एक केळीवाले शेतकरी पंपाची पेटी घेऊन आले. लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारी. पेटी जळाली असं ते म्हणत होते. नानांनी झाकण काढलं, जराही न शोधता एका जागी सोल्डरचा डाग दिला आणि पेटी चालू झाली. शेतकऱ्यांनी झाकणावरचं 'देवीदास' हे नाव वाचलं आणि खूश झाले. आमच्या शिवारात सगळीकडे हीच पेटी आहे, डोकं मोठं तुमचं, असं सांगून गेले.

नाना खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. मग म्हणाले, "सर, ती पेटी माझी नाही."

धुळ्याला ते आणि युसूफभाई एकाच वर्कशॉपात कामाला होते. सर्किट युसूफभाईंचं, महिनोन्‌महिने खपून जुळवलेलं. नानांचा हात फक्त झाकणाला आणि वायरिंगला. पेट्या बाजारात जायची वेळ आली तेव्हा युसूफभाई घरच्या आजारपणासाठी गावी गेले होते. झाकणावर नाव छापणाऱ्याने विचारलं, काय टाकू? नानांनी स्वतःचं सांगितलं. युसूफभाई परतले, पेटी पाहिली आणि खाली मान घालून कामाला बसले. त्यानंतर नानांना तिथे उभं राहवेना. ते जळगावला आले ते आलेच.

पुढच्या रविवारी मी त्यांना एसटीत बसवून धुळ्याला नेलं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा ते पिशवी घेऊन उतरायला निघाले होते. मी हात धरून बसवलं.

युसूफभाई घराच्या दाराशीच एक पंखा खोलून बसले होते. केस सगळे पांढरे. नानांनी उभ्यानेच भडाभडा बोलून टाकलं. पेटी तुझी आहे हे गावोगाव जाऊन सांगतो, म्हणशील ते लिहून देतो.

युसूफभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "नावनं राहू दे, देवा. इतला दिन तू उना का नही?"

इतके दिवस का आलो नाही, हे सांगायचं सोडून नाना पायरीवर बसले. पंख्याचे सुटे स्क्रू गोळा करू लागले. आतून भाभींनी कोण आलंय म्हणून विचारलं.

"घरनाच मानूस शे," युसूफभाई म्हणाले. "च्या ठेव."