देवरे बाईंचं उत्तर

देवरे बाईंनी मला कधी एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही.

"बाई, भाजीमा मीठ बरोबर शे ना?"

"तुम्हाला काय वाटतं, आबा?"

आता मलाच ठाऊक असतं तर विचारलं असतं का?

लोणखेड्याच्या वसतिगृहात उन्हाळ्यात हुशार पोरापोरींचं शिबिर भरतं. बाई शिकवतात, मी रांधतो. माझी शाळा चौथीत सुटली. पण खापरावरचे मांडे माझ्यासारखे कुणी करून दाखवावेत.

यंदा तोरणमाळची रमिला आली होती. नववीतली, भारी हुशार म्हणे. पण घरी पावरी बोलणारी पोर, इथल्या मराठीत तोंडच उघडेना. रविवारी बाप येऊन घरी नेणार, असं ठरलं. बाई रोज ताट घेऊन तिच्या शेजारी बसायच्या. दोघी गप्प जेवायच्या.

त्या रविवारी मांडे होते. बाई सगळी पोरं घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या. "आबा, मांडा एवढा ताणता, फाटत कसा नाही?"

"मन्हा हात शे म्हनीसन."

पोरांनी लगेच परातीत पीठ भिजवलं, तिंबलं, पुरण भरलं अन् ताणलं. सगळे फाटले. पुरण कोपरापर्यंत. मी मिशीत हसत होतो.

तेवढ्यात मागून रमिला म्हणाली, "पीठ दमलं. निजू द्या त्याला."

सगळे वळून बघायला लागले. परातीतलं उरलेलं पीठ तासभर झाकून ठेवलं. मग त्याच पोरांच्या हातांवर मांडा धोतरासारखा पसरला. मी जन्मभर पीठ भिजवून झाकून ठेवत आलो. का, ते मनात कधी आलं नाही. ते या पोरीनं पिठाकडं नुसतं बघून ओळखलं. मी खापरापुढून उठून उभा राहिलो.

दुपारी बाप आला. रमिलाची पिशवी भरलेली होती. "बाई, पोरगी नेऊ का राहू देऊ?"

बाई सवयीनं तिच्याकडं वळल्या. "रमिला, तुला काय वाटतं?"

पोरीनं मान वर केली. "बाई, तुम्हाला काय वाटतं?"

आता बाई सापडल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा पुसला. मला वाटलं, हुशारीचं, पुढच्या शिक्षणाचं काही सांगतील.

"तू गेलीस तर जेवताना माझ्याजवळ कोण बसेल गं?" म्हणाल्या.

रमिलानं पिशवी उचलली अन् आत ठेवून आली. बाप उंबऱ्याजवळ टेकला. मी तिघांना मांडे वाढले. गोड बरोबर झालं का, ते काही विचारलं नाही.